हा विटाळ आपल्या घरात का?

दरवर्षी अशोक विजयादशमीच्या सुमारास वर्धा जिल्ह्यातील गावोगावची बौद्ध कुटुंबे नागपूरच्या दीक्षाभूमीकडे निघतात. आर्वी, पुलगाव, देवळी, हिंगणघाट, समुद्रपूर येथून बसगाड्या भरभरून जातात. पांढरी लुगडी नेसलेल्या वृद्ध माता पुढल्या बाकांवर बसलेल्या असतात. परंतु प्रत्येक गावात दोनचार स्त्रिया अशा असतात की त्या घरीच राहतात. विचारले तर कुणी गुडघ्याचे कारण सांगते, कुणी घर राखण्याचे. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध मातेस आम्ही एकदा या गैरहजेरीबद्दल जरा रागानेच बोललो. "मावशी, बाबासाहेबांच्या दीक्षाभूमीसाठी तुम्हांला एक दिवस काढवत नाही काय?" असे आम्ही म्हणालो. ती बराच वेळ खाली पाहत राहिली. मग म्हणाली, "दोन घंटे बसमंदी बसनं माह्याच्यानं होत नाही, साहेब. लुगडं ओलं होते."

त्या उत्तराने आम्हांस आमच्या बोलण्याची लाज वाटली. चौकशी केली तेव्हा कळले की, ती माता विहारातही शेवटच्या रांगेत, दाराशी बसते. वंदना संपण्यापूर्वी उठून जाते. घरात तिचे अंथरूण पडवीत वेगळे असते, आणि तिची गोधडी कुणी दुसऱ्या कपड्यांत धुवीत नाही. हे सर्व तिच्यावर कुणी लादले असे ती म्हणत नाही. तिने ते आपणहून पत्करले आहे.

वाचकहो, आज आम्ही ज्या विषयावर लिहीत आहो, तो विषय संपादकीयात येण्याजोगा नाही असे काहींस वाटेल. लघवीवर ताबा न राहणे हा स्त्रियांचा विकार आहे, त्याची वाच्यता पुरुषांसमोर कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु ज्या समाजाने माणसाला माणसापासून दूर ठेवणारा विटाळ पायाखाली तुडविला, त्याच समाजाच्या घरात एक स्त्री स्वतःला अस्पृश्य समजून पडवीत निजत असेल, तर तो केवळ वैद्यकाचा प्रश्न राहत नाही. तो धम्माचा आणि हक्काचाही प्रश्न होतो.

प्रथम हा विकार काय आहे ते सरळ शब्दांत समजून घ्या. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय यांना खालून आधार देणारा स्नायूंचा एक तळ प्रत्येक स्त्रीच्या ओटीपोटात असतो. बाळंतपणात हा तळ ताणला जातो, कधी फाटतो. तो ढिला पडला की खोकताना, शिंकताना, हसताना किंवा डोक्यावर ओझे उचलताना लघवी सुटते. हा एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात मूत्राशय अकारण आकुंचन पावते, एकाएकी घाई होते आणि मोरीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच कपडे ओले होतात. पुष्कळ स्त्रियांत हे दोन्ही प्रकार एकत्र आढळतात. अनेक बाळंतपणे, वाढते वय, पाळी जाणे, स्थूलपणा, मधुमेह, जुनाट खोकला, सततची बद्धकोष्ठता, अंग बाहेर येणे, लघवीच्या मार्गातील जंतुदोष ही याची जाणती कारणे आहेत. या यादीत पाप कोठेही नाही, पूर्वजन्म नाही, नशीबही नाही. दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले तर दुःख दूर होते, हे ज्यांस तथागतांनी शिकविले, त्यांनी तरी या विकाराकडे कारणाच्या दृष्टीनेच पाहिले पाहिजे.

आता एक प्रश्न असा येतो की, हा विकार एखाद्या वंशाच्या रक्तातच असतो काय? अमेरिकेत या प्रश्नाचा वंशवार अभ्यास झाला आहे. मिशिगन राज्याच्या आग्नेय भागात ३५ ते ६४ वयाच्या स्त्रियांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. तीत गोऱ्या स्त्रियांपैकी ३३.१ टक्के, तर कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी १४.६ टक्के स्त्रियांना हा विकार आढळला. मात्र ज्यांस विकार होता त्यांच्यात एकाएकी घाई होण्याचा प्रकार कृष्णवर्णीयांत अधिक, तर खोकताना-शिंकताना लघवी सुटण्याचा प्रकार गोऱ्यांत अधिक होता. उत्तर कॅलिफोर्नियातील २००६ च्या दुसऱ्या एका अभ्यासात आठवड्यातून किमान एकदा हा त्रास होणाऱ्यांचे प्रमाण स्पॅनिश वंशाच्या स्त्रियांत ३६, गोऱ्यांत ३०, कृष्णवर्णीयांत २५ आणि आशियाई स्त्रियांत १९ टक्के निघाले.

हे आकडे वाचून कोणी घाईने निष्कर्ष काढू नये. जे लोक वंशाची उतरंड लावतात, त्यांच्या मते गोरा वंश सर्वांत वर; मग या विकारात तो कृष्णवर्णीयांच्या पुढे कसा? याचा अर्थ एवढाच की रोगाला उतरंड कळत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की, कॅलिफोर्नियातील अभ्यासात ज्या वंशात प्रमाण सर्वांत कमी निघाले, त्यातही जवळजवळ पाच स्त्रियांमागे एक स्त्री पीडित आहे. सरासरी कमी म्हणून त्या एकीचे दुःख कमी होत नाही. एखाद्या समाजात हा विकार विरळा, असे एकदा वैद्याच्या मनाने घेतले की, त्या समाजातील स्त्रीला तो प्रश्नच विचारीत नाही. आणि जिला विचारले जात नाही तिचे दुःख कागदावर येत नाही.

आपल्या देशात वंशाच्या जागी जात उभी केली जाते. अमुक जातीच्या बाया चिवट असतात, त्यांना बाळंतपणाचे काही वाटत नाही, चौथ्या दिवशी त्या निंदणाला जातात, असे कौतुकाने बोलले जाते. आदिवासी गोंड आणि कोलाम भगिनींविषयीही हेच ऐकू येते. हे कौतुक नव्हे. विश्रांती नाकारण्यासाठी शोधलेली ती सबब आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली 'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या न होऊ शकलेल्या भाषणात जात म्हणजे वंशभेद हे मत खोडून काढले होते. पंजाबातील ब्राह्मण आणि पंजाबातील चर्मकार यांच्यात वंशाचा भेद नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात त्यांनी मानववंशशास्त्रज्ञांनी घेतलेली मापेच पुढे ठेवून ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे नाहीत हे दाखविले. तेव्हा आपल्या मातांचे स्नायू इतरांच्या मातांहून निराळ्या मातीचे नाहीत. निराळी आहे ती त्यांच्या वाट्याला आलेली मजुरी, निराळे आहे ते बाळंतपण, आणि निराळे आहे ते दवाखान्यापर्यंतचे अंतर.

हा भेद स्पष्ट करणारी एक घटना अमेरिकेच्या इतिहासात आहे. ती प्रत्येक बौद्ध वाचकाने ध्यानात ठेवावी. कारण तेथील कृष्णवर्णीयांचा लढा आणि आपला लढा यांतील नाते बाबासाहेबांनीही ओळखले होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विद्वान पुढारी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता. घटना अशी. बाळंतपण दिवसेंदिवस अडले तर मुलाच्या डोक्याचा दाब पडून मूत्राशय आणि योनिमार्ग यांच्यामधला पडदा कुजतो, छिद्र पडते आणि मग रात्रंदिवस लघवी गळत राहते. याला डॉक्टर फिस्टुला म्हणतात. १८४५ ते १८४९ या काळात अलाबामा राज्यातील मॉन्टगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स या शल्यविशारदाने या विकारावरील शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. ते कोणावर केले? गुलाम कृष्णवर्णीय स्त्रियांवर. त्यांपैकी अनार्का, ल्यूसी आणि बेट्सी ही तीन नावे इतिहासाला ठाऊक आहेत. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा शस्त्रक्रिया झाली, आणि तीही भूल न देता. १८४६ साली बोस्टन येथे ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले होते. तरीही या स्त्रियांस भूल मिळाली नाही. त्यांची संमती विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कायद्याने त्या धन्याची मालमत्ता होत्या. पुढे सिम्सला स्त्रीरोगशास्त्राचा जनक ही पदवी मिळाली, न्यूयॉर्कमध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. तो पुतळा सेंट्रल पार्कजवळून २०१८ साली हलविण्यात आला.

परंतु याच कथेचा दुसरा भाग अधिक बोधप्रद आहे. १८५५ साली सिम्सने न्यूयॉर्क येथे स्त्रियांचे रुग्णालय काढले, तेव्हा तेथे हाच फिस्टुला घेऊन आयर्लंडहून आलेल्या गरीब गोऱ्या स्त्रिया येऊ लागल्या. म्हणजे हे दुःख काळ्या कातडीचे नव्हते. अडलेल्या बाळंतिणीला वेळेवर मदत न मिळण्याचे ते दुःख होते. पुढे सुरक्षित प्रसूतीची सोय सर्वत्र झाली आणि अमेरिकेत बाळंतपणाचा फिस्टुला जवळजवळ नाहीसा झाला. जेथे ती सोय पोहोचली नाही तेथे तो राहिला. म्हणूनच इथिओपियात अदिस अबाबा येथे १९७४ साली हॅम्लिन या डॉक्टर दांपत्याला केवळ याच विकारासाठी रुग्णालय उघडावे लागले. वंश बदलले नाहीत. व्यवस्था बदलली, आणि रोग हटला. यापेक्षा स्वच्छ पुरावा कोणत्या न्यायालयाला हवा आहे?

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वर्धा जिल्हा कापसाचा. दसऱ्यानंतर वेचणी सुरू होते. दिवसभर कमरेत वाकून ओटीत कापूस भरायचा, संध्याकाळी गाठोडे डोक्यावर घेऊन वजनाला जायचे, हे आपल्या मातांचे आणि भगिनींचे काम. उघड्या वावरात आडोसा नसतो. म्हणून बाई सकाळपासून पाणी कमी पिते आणि लघवी अडवून धरते. पाणी कमी प्यायल्याने लघवी दाट होते, मूत्राशयाला झोंबते, जंतुदोष होतो आणि घाई उलट वाढते. म्हणजे लाज राखण्यासाठी जो उपाय ती करते, तोच विकार वाढवितो. बाळंतपणानंतर ज्या स्नायूंना विश्रांती हवी, त्यांवर ती पाण्याचे हंडे आणि गाठोडी यांचा भार लवकरच घालते. कारण मजुरी बुडाली तर चूल बुडते.

विदर्भातील स्त्रियांच्या मौनाचे मोजमाप यापूर्वी झाले आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. ती १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांस कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला. परंतु त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त ८ टक्के होत्या. बाई बोलत नाही म्हणून ती निरोगी आहे, हा समज त्या एका अभ्यासाने कायमचा खोटा ठरविला.

आम्ही व्यवसायाने वकील आहो. तेव्हा हक्काचे बोलणे आमचे कर्तव्यच आहे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या न्यायालयात एक परित्यक्ता भगिनी पोटगीच्या अर्जासाठी सकाळपासून बसून होती. स्त्रियांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होते. अखेर तिला आवारापलीकडे जावे लागले, आणि नेमका त्याच वेळी तिच्या नावाचा पुकारा झाला. अर्ज गैरहजेरीमुळे खारीज झाला. तो पुन्हा कामावर घेण्यासाठी आम्ही जो अर्ज लिहिला, त्यात गैरहजेरीचे खरे कारण लिहू देण्यास ती तयार होईना. "आजारी होते असं लिहा," एवढेच ती म्हणत राहिली. तिचा हक्क हिरावणारी गोष्ट केवढी, तर एक कुलूप! आणि त्या कुलपापेक्षा मोठे कुलूप तिच्या तोंडाला लाज घालून बसली होती.

आज तशा भगिनीच्या हाती कायद्याचा आधार आहे. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने 'मिळून साऱ्याजणी' यांच्या जनहित याचिकेत स्त्रियांसाठी स्वच्छ आणि सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याबाबत महानगरपालिकांस आदेश दिले. १५ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव कलिता खटल्यात सर्व न्यायालयांच्या आवारांत पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहांची सोय करण्याचा आदेश दिला आणि ही सोय संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग ठरविली. त्याच अनुच्छेदाखाली १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार नाकारणे हा जीविताच्या हक्काचा भंग आहे, असा निर्णय झालेला आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे अनुच्छेद ४७ ने राज्याचे कर्तव्य ठरविले आहे.

बाळंतिणीच्या विश्रांतीची गोष्टही आपल्याला नवी नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणापूर्वी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला; पण तो कारखान्यातील स्त्रियांपुरता. वावरात कापूस वेचणाऱ्या स्त्रीला पगारी रजा देणारा मालक आजही नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४ ने गर्भवती आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा मातृत्वलाभ देऊ केला आहे. रक्कम थोडी आहे हे खरे. परंतु ती भीक नाही, कायद्याचा लाभ आहे. आपल्या घरातील सुनेची नोंद आशा कार्यकर्ती किंवा अंगणवाडीत वेळेवर झाली की नाही, हे सासूने आणि नवऱ्याने पाहिले पाहिजे. मात्र ते पैसे ज्या विश्रांतीसाठी आहेत, ती विश्रांती घरानेच द्यायची आहे. सरकारचा कोणताही हुकूम बाळंतिणीच्या डोक्यावरील हंडा उतरवीत नाही.

आता उपायाविषयी. हा विकार म्हातारपणाबरोबर भोगायचाच असतो, हे खोटे आहे. १९४८ साली आर्नल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम वैद्यकजगापुढे मांडला. त्याला एक पैसा लागत नाही. लघवी अडविताना किंवा वारा रोखताना जे स्नायू आपण आवळतो, तेच निवांत बसून वा निजून आवळायचे, काही क्षण धरायचे आणि सैल सोडायचे. असे एका वेळी किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, आणि निदान तीन महिने नेमाने करावे. श्वास कोंडू नये; पोट आणि मांड्या ताणू नयेत; लघवी करीत असताना हा व्यायाम करू नये. ज्यांना घाईचा त्रास आहे, त्यांनी दोन वेळांमधील अंतर थोडे थोडे वाढवीत मूत्राशयाला वळण लावावे. पाणी तोडू नये. चहा कमी करावा. मधुमेह, खोकला आणि बद्धकोष्ठता यांवर इलाज घ्यावा. एवढ्याने पुष्कळ स्त्रियांस आराम पडतो. ज्यांस पडत नाही त्यांच्यासाठी औषधे, अंग सावरून धरणारी कडी आणि शस्त्रक्रिया असे पुढचे उपाय आहेत.

काही खुणा दिसल्यास मात्र घरी थांबू नये. लघवीत रक्त, जळजळ आणि ताप, अंग बाहेर येणे, किंवा बाळंतपणानंतर अथवा शस्त्रक्रियेनंतर रात्रंदिवस लघवी गळत राहणे या त्या खुणा होत. आपल्या जिल्ह्यात मोठ्या रुग्णालयांचा तुटवडा नाही. वर्धा येथे जिल्हा सामान्य रुग्णालय आहे; हिंगणघाट आणि आर्वी येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, आणि त्याच्याशी जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय १९६९ पासून चालू आहे. सावंगी येथेही वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. रुग्णालये पंधरावीस कोसांच्या आत आहेत. दूर आहे ते घरातले पहिले वाक्य: "आई, तुला त्रास आहे काय? चल, आपण दाखवू." हे वाक्य मुलाने बोलावे. सुनेवर ढकलू नये.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. भगवान बुद्ध आनंदाला बरोबर घेऊन विहाराच्या निवासांतून फिरत असता त्यांनी त्याला पाहिले. तुझी सेवा करण्यास कोणी नाही काय, असे विचारता तो म्हणाला की, आपण इतर भिक्खूंच्या काही कामी पडत नाही, म्हणून ते आपल्याकडे पाहत नाहीत. तेव्हा तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. स्वतः पाणी घातले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी त्याला डोक्याकडून व पायांकडून उचलून मंचकावर निजविले. मग त्यांनी भिक्खूंना एकत्र बोलावून आजाऱ्याच्या सेवेचा उपदेश केला.

वाचकहो, त्या भिक्खूने सांगितलेले कारण पुन्हा वाचा. तो कोणाच्या कामी पडत नव्हता. आपल्या पडवीत निजणारी माताही आता कोणाच्या कामी पडत नाही. जिने ओटीत कापूस वेचून आपल्याला शाळेत घातले, तिची गोधडी आपण वेगळी धुतो. ज्या धम्मात शास्ता मलमूत्राने माखलेल्या माणसाला हात लावतो, त्या धम्मात आलेल्या घराला हे शोभत नाही.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. या पंधरवड्यात प्रत्येक घरातील पडवीचे अंथरूण आत घ्या. विहारात स्त्रियांसाठी पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह नसेल, तर पुढल्या वर्गणीतून रंगरंगोटीच्या आधी ते बांधा. महिला मंडळाच्या बैठकीत आरोग्यसेविकेला बोलावून या विषयावर उघड बोला. दीक्षाभूमीला जाणारी बसगाडी ठरविताना ती वाटेत दोनदा थांबेल आणि थांब्यावर सोय असेल, हे आधीच ठरवून घ्या. त्या वृद्ध मातेस पुढल्या अशोक विजयादशमीला पुढल्या बाकावर बसलेली आम्हांस पाहावयाची आहे. ती बसली, तर तुमच्या घरातून विटाळ खरोखर गेला असे आम्ही समजू.